ती तुमची कोण लागते

५ जानेवारी, सोमवार
सकाळी मेल. निलंतीचा पर्यटक व्हिसाचा अर्ज नामंजूर. कारण दिलेले नाही. तिने तो कोलंबोहून जसाच्या तसा मला पाठवला आणि खाली एकच शब्द लिहिला, "आता?" मागच्या वर्षी हीच माहिती, याच घराचा पत्ता, आणि व्हिसा मिळाला होता. तीन आठवडे राहून मुदतीच्या आत परत गेली. काहीही बदललेले नसताना उत्तर बदलले, याचीच धास्ती वाटते. ताळेबंद जुळत नसेल तर चूक सापडेपर्यंत बसता येते. इथे बसायचे कशापुढे?
आईने विचारले, तोंड असं काहून? जीएसटीचे काम अडले आहे म्हणालो.

८ जानेवारी, गुरुवार
वारंगा फाट्यावरून नांदेड. वकिलांना सर्व क्रमाने सांगितले: पत्नी सुनंदाला जाऊन सहा वर्षे झाली, बुद्धगयेच्या यात्रेत नि.ची ओळख झाली; ती चहाच्या वखारीत हिशेब पाहते; वय एकावन्न. "त्या तुमच्या कोण लागतात?" भावी पत्नी, असे उत्तर दिले. हा शब्द मोठ्याने प्रथमच उच्चारला, तोही टेबलाकडे पाहत.
"मग भावी पत्नीला पर्यटक म्हणून काहून बोलावता, प्रभाकरराव?"
मार्ग तीन. एक: नाते स्पष्ट लिहून, माझ्या निमंत्रणपत्रासह, तिने तेथील दूतावासात नव्याने अर्ज करावा. दोन: मी तिकडे जाऊन विवाह नोंदवावा, मग तिने पत्नी म्हणून व्हिसा मागावा, परंतु परदेशी माणसाच्या विवाहाला तिथे वेगळी परवानगी लागते, आणि आईला इतके दिवस कोणावर सोडणार? तीन: नोंदणी विवाह इथे, त्यासाठी ती इथे हवी, आणि महिनाभर आमच्या नावांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर.
परतताना बसमध्ये लक्षात आले, तिन्ही मार्ग आईच्या खाटेवरून जातात. आईला यातले काहीही माहीत नाही.

१२ जानेवारी, सोमवार
पहिला मार्ग ठरला. निमंत्रणपत्र टंकित केले. सोबत छायाचित्रे हवीत, शक्यतो दोघे शेजारी उभे असलेली. सर्व तपासली. गयेला आमच्यामध्ये तिच्या गटातल्या दोन बायका. अंगणात आमच्यामध्ये आई, खुर्चीवर. दोघे शेजारी उभे असल्याचा एकही फोटो नाही. तेव्हा तसे उभे राहणे मलाच बरे दिसले नव्हते.
अंगणातलाच पाठवला.
रात्री नि.चा फोन. आमच्या नेहमीच्या इंग्रजीत म्हणाली, "मी दूतावासात दोनदा विचारीन. तिसऱ्यांदा विचारणं माझ्या वयाला शोभणार नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

१९ जानेवारी, सोमवार
हळदीच्या व्यापाऱ्याचे खाते तपासून सायंकाळी घरी. आई ओट्यावर, चेहऱ्यावर समाधान. म्हणाली, पोलीस आल्ता.
निमंत्रण देणाऱ्याची चौकशी. मी नसताना. त्याने विचारले, ती बाई तुमची कोण लागते. आई म्हणाली, "म्या सांगितलं, पाव्हणी हाय. गयेला वळख झाली. माह्या पोराचं न तिचं काही न्हाई. चहा पाजला, अंगठा बी देल्ला."
मी पाणी मागितले. तांब्या न पिताच खाली ठेवला.

२२ जानेवारी, गुरुवार
वकिलांना फोन करून आईचा जबाब सांगितला. त्यांचे म्हणणे: पत्रात भावी पत्नी, आईच्या जबाबात काही संबंध नाही. वाचणारा म्हणेल, दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. यावर दुसरा नकार आला तर तो नोंदीत राहील आणि पुढे पत्नी म्हणून मागतानाही आडवा येईल.
दुपारी फाट्यावर चहाच्या हॉटेलात कॉन्स्टेबल भेटला. तरुण आहे, बोलणे नम्र. "सर, आजी बोलल्या ते लिहिलं. कागद साहेबाकडं अजून गेला न्हाई. दोन तारखेला सकाळी परत येतो. पण आजीनं सोताहून सांगितलं पायजे. तुमी बाजूला बसून न्हाई." मग बशीतला चहा पीत म्हणाला, "आजीला ठाऊक हाय ना?"
हो म्हणालो.

२५ जानेवारी, रविवार
आजही आईला सांगितले नाही. काल विहारातून परतताना सुरुवात केली, तर तिला धाप लागली. निमित्तच मिळाले.
भीती नेमकी कशाची, हे मांडून पाहू. आई रडेल याची? नाही, ती रडत नाही. ती गप्प बसेल. सुनंदा गेल्यावर चार महिने गप्प होती.
प्रज्ञाला मात्र फोनवर सांगितले. तिच्या सासरी, साखऱ्याला, सासूबाई घरातच होत्या म्हणून लेक हळू बोलत होती. म्हणाली, "बाबा, आधी आजीला सांगा. तिच्याआधी मला कळलं हे तिला समजलं, तर ती तुमच्याशी बोलेल, माझ्याशी नाही बोलायची." सासरी काय सांगणार, असे मी विचारले नाही. तिनेही काढले नाही.

२८ जानेवारी, बुधवार
सांगितले. आई उन्हात तूर निवडत होती. उभ्यानेच, दोन वाक्यांत. तिचे हात थांबले नाहीत.
"मला येडी समजतो का रे? बाई माह्या घरात राह्यली. दुसऱ्या दिसापासून तुह्या चहात साखर न्हवती. पाव्हणी कुनाच्या शुगरचं ध्यान ठेवती व्हय?"
मग पोलिसाला तसे का सांगितले, हे विचारताना माझा आवाज चढला. तिने सूप खाली ठेवले.
"आपल्या वस्तीत खाकी कवा चांगल्या कामाला आली व्हती? तुह्या बापाला नेलं तवा मी एवढंच शिकले, इचारलं त्याला न्हाई म्हनायचं. म्या तुला झाकलं, परभाकर. त्याच्या हाती काही लागू देल्लं न्हाई."
पस्तीस वर्षे लोकांची विवरणपत्रे भरतो. कार्यालयाने विचारले की खरे सांगावे, हे मला पेशाने शिकवले. तिला आयुष्याने उलटे शिकवले.
परत सांगशील का, म्हणालो. "बघू," म्हणाली आणि सूप उचलले. नि.बद्दल बरे-वाईट काहीच नाही. सुनंदाचे नावही नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
पौर्णिमा. नि.ने पांढऱ्या साडीतला विहारातला फोटो पाठवला. आईला दाखवला. तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला, मग दूर. पांढरं शोभतं तिला, म्हणाली.
जेवताना: "तिचं पुरं नाव सांग. मी तं बाईच म्हनत आले." सांगितले. आडनाव जमेना. दोन-तीनदा म्हणून पाहिले, ठसका लागला, आम्ही दोघेही थोडे हसलो.
मग घास हातात धरून म्हणाली, "उद्या मी व्हय म्हनलं, आन त्यायनं तिला येऊ न्हाई देल्लं, तं फाट्यावर कोनाला काय सांगू? प्रज्ञीच्या सासूला? तवा पाव्हणीच बरी व्हती."
मी तिच्या ताटात वरण वाढले.

२ फेब्रुवारी, सोमवार
रस्त्यापलीकडे बस थांब्याच्या शेडमध्ये बसून लिहितो आहे. अट पाळली. कॉन्स्टेबलची मोटारसायकल दाराशी. आईने त्याला ओट्यावर खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यात बसली. नांदेडची गाडी मध्ये उभी राहिली तेवढा वेळ काही दिसले नाही.
गाडी गेली. आई बोलते आहे. ओठ हलतात ते दिसते, शब्द पोहोचत नाहीत. नि.चा मेसेज: झालं का? उत्तर दिलेले नाही.
आता तिने हात उचलून आत भिंतीकडे दाखवले. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि सुनंदा. अंगणातला फोटो तिथे नाही, माझ्या कपाटात आहे. नेमके काय दाखवते आहे? कॉन्स्टेबल उठून उंबऱ्यापर्यंत गेला, आत डोकावला, आणि परत येऊन मांडीवरच्या कागदावर लिहू लागला आहे. बराच लिहितो आहे; नुसती पाव्हणी असती तर एका ओळीत भागले असते.