उन्हात धुतलेलं पाणी

३ फेब्रुवारी
आलो बापा एकदाचे सौंसरला, मी अन् माझी पहिलीतली स्नेहा. घरमालकीण जयवंताबाईंनी खोली दिली, वरून टोपलीभर संत्रीही. कापड रंगवायच्या कारखान्यात सांडपाणी साफ करायचं काम माझ्याकडे. पिवळ्या भुकटीचा लेप दिलेली जाळी टाक्यात सोडायची. उजेड पडला की ती पाण्यातला रंग खाते. ऊन नसलं तर ट्यूबलाइटही चालते. धुतली की पुन्हा तयार. स्नेहा म्हणते, आई, तुझी जाळी लय खादाड आहे.

९ फेब्रुवारी
लाल पाणी दुपारपर्यंत काचेसारखं झालं. वापरून जाळीचा जोर कमी व्हायला पाहिजे, हिचा वाढून राहिला. मॅनेजर वीरेंद्रजी म्हणाले, मॅडम, चांगलं आहे ना, मग डोकं कायले लावता. मीही नाही लावलं. घरच्या विहिरीचं पाणी पिवळसर येते, म्हणून जाळीचा एक तुकडा आणून पिंपात टाकला. स्नेहा दिवसभर तेच पाणी पिते. मी कारखान्यातल्या नळाचं पिते.

१५ फेब्रुवारी
स्नेहाच्या हातावरची मेंदी एका दुपारी गेली. मग गालावरचा तीळ. जयवंताबाई म्हणाल्या, पोरगी उजळली. मला हसू आलं नाही. पिंपातला तुकडा काढला तर पांढरा पडलेला. लेप सारा पाण्यात उतरला, अन् पाणी तिच्या पोटात.

१८ फेब्रुवारी
अंगणात जयवंताबाईंची सावली होती, मांजरीची होती. स्नेहाची — मी दोनदा पाहिलं. डॉक्टरांनी रक्त काढलं, नळी खिडकीत ठेवली. बोलता बोलता ते रक्त पाण्यासारखं झालं.

२० फेब्रुवारी
अंधारात तिचं विरणं थांबते. तेवढंच कळलं. खिडक्यांवर चादरी ठोकल्या, बल्ब काढले. लेकराला भेव वाटते. मलाही. ती जाळी मी आणली, मीच.

२१ फेब्रुवारी
फटीतून ऊन आलं. तिच्या बोटांतून मागची भिंत दिसली. आई, माझे हात कुठे गेले, विचारून राहिली.

२२ फेब्रुवारी
अंधारात सापडते ती. नाक, कान, केस — चाचपून पाहते. एवढं पुरते मला.
मी फटीशी बसून लिहून राहिली. जयवंताबाई दार ठोकतात. म्हणतात, लेकरू कोंडून काय करतेस बाई, ऊन लागू दे जरा. नको म्हटलं. पाया पडते म्हटलं. त्या मागच्या दाराकडे — तिथली कडी लावायची राहिली —
दार उघडलं. पदराखाली घेतलं तिला, घट्ट. पदराखाली आता हाताला काहीच —