वधूवर मंडळाचा फुकटचा डेटाबेस

६ जानेवारी, सोमवार
आज सांगलीत इतिहास घडला. आमच्या जैन वधूवर मंडळाचा कॉम्प्युटर विभाग, म्हणजे मी, स्वतंत्र झाला. उत्कर्षा मॅडमचं सॉफ्टवेअर बंद. दरवर्षी मेंटेनन्सच्या नावाखाली नुसती लूट! ओपन सोर्स डेटाबेस नेटवर फुकट मिळतो, हे अध्यक्ष जिनेंद्रआण्णांना मीच पटवलं. वाचलेल्या पैशात एकोणीस तारखेच्या मेळाव्याला श्रीखंड.
फोन सांभाळणाऱ्या पद्मावतीअक्कांनी विचारलं, फुकट मिळतं तर लोक विकत का घेतात रं? म्हटलं, अज्ञान.
सगळ्या मुलामुलींच्या नोंदी एका फाइलमध्ये काढून घेतल्या आणि जुनं पुसून टाकलं. मागं वळून बघणं माझ्या स्वभावात नाही.

८ जानेवारी, बुधवार
नोंदी नव्या डेटाबेसमध्ये आल्या. शंभर टक्के यश. फक्त नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. किरकोळ. स्थळ म्हटलं की प्रश्नचिन्ह असायचंच.

१० जानेवारी, शुक्रवार
नावं दिसायला लागली!! त्या नादात सूर्यास्ताआधीचं जेवण दोनदा हुकलं. उपासाचं पुण्य वेगळं.
आता सगळ्यांची जन्मतारीख एकच येते. १ जानेवारी १९००. इस्लामपूरच्या सुंदरीचे वडील फोनवर अक्कांना म्हणाले, "आवं, माझी लेक सव्वाशे वर्षांची व्हय?" मेळाव्यापर्यंत वय कमी होईल, असं मी कळवायला सांगितलं. अक्कांनी फोन माझ्याच हातात दिला.

१३ जानेवारी, सोमवार
ओपन सोर्सची खरी ताकद म्हणजे जगभरचे स्वयंसेवक. नेटवर प्रश्न टाकला. कुणा परदेशी माणसाचं लगेच उत्तर. आधी माहितीपुस्तिका वाचा. तीही फुकट आहे. तीन हजार पानं. उद्यापासून रोज पहाटे पन्नास.

१४ जानेवारी, मंगळवार
थंडी फार. आठला उठलो. चार पानं झाली. पहिलाच भाग 'सुरुवात करण्यापूर्वी'. आता तो वाचून काय उपयोग?

१७ जानेवारी, शुक्रवार
मलकापूरचा मानसिंग, कॉलेजचा दोस्त, परवा मदतीला आला. फुकट. "लय सोपं हाय गड्या," म्हणाला. दोन दिवस राहिला. भेळ त्याला फार आवडते. जन्मतारखा काही आल्या नाहीत, पण मुलं-मुली एकाच यादीत आली. जाताना गाडीत पेट्रोल भरून दिलं.

१८ जानेवारी, शनिवार
उद्या मेळावा. आण्णांसमोर ट्रायल. कॉम्प्युटरनं जुळवलेलं पहिलंच स्थळ: सुंदरी आणि तिचा सख्खा भाऊ. घरचं वातावरण मात्र तंतोतंत जुळत होतं. आण्णांनी व्हरांड्यात जाऊन उत्कर्षाला फोन लावला. मी शांत होतो.

संध्याकाळी ६
उत्कर्षा आली. आमच्या नोंदींची एक प्रत ती दर आठवड्याला जपून ठेवते म्हणे. चहा गार व्हायच्या आत सगळं जागेवर. मी स्पष्ट सांगितलं, यापुढंही मंडळ फुकटचाच डेटाबेस वापरणार, तुमचा महागडा नको.
"आमचं सॉफ्टवेअर पहिल्यापासून ह्याच फुकटच्या डेटाबेसवर चालतंय," ती म्हणाली. "डेटाबेसचे पैसे मी कधी घेतलेच नाहीत, वर्धमान. तो सांभाळायचे घेत होते."
अक्कांना एकदम खोकला आला. बाहेर गेल्या. आण्णांनी मेंटेनन्सचा करार पुन्हा तिलाच दिला.

१९ जानेवारी, रविवार
मेळावा झाला. माझ्याकडं खुर्च्यांची जबाबदारी होती. वाटतं तितकं सोपं काम नाही.
लोक गेल्यावर उत्कर्षा यादी साफ करायला बसली. वर्षानुवर्षं एकही विचारणा न आलेली नावं ती काढत होती. मध्येच थांबली. मला जवळ बोलावलं, आवाज खाली आणला.
"यात तुमचंपण एक आहे. ठेवू का?"
ठेवा म्हटलं. फोटो नवा देतो म्हटलं. ती बरं म्हणाली.
खुर्च्या उचलायच्या होत्या, त्यामुळं जास्त बोलता आलं नाही.