हरण्याच्या शिंगातले किडे

श्रावण व. २
कालपासून बाहेर बसले आहे. गोठ्याच्या पडवीत घोंगडी, तांब्या आणि ही वही. शेजारी आमचा बैल, हरण्या. पोळ्यासाठी शिंगं साळताना ह्यांच्या हातून बुडाशी कापलं, आठ दिवस झाले. सारखं डोकं झटकतो, वास येतो. आज जवळ जाऊन पाहिलं. आई गं! जखमेत अळ्या, तोंड आत खुपसलेलं.
आत्याबाईंना लांबूनच ओरडून सांगितलं. "तुह्या इटायानंच पडले असतीन किडे! सावली नको पाडू त्याच्यावर." घ्या! शिंग कापलं त्यांच्या लेकाने, विटाळ माझा.

व. ३
मामाजी बुवाकडे जाऊन आले. बुवा जनावर बघतसुद्धा नाही. नाव, रंग विचारतो आणि आपल्या ओसरीवर बसून मंत्राने किडे झाडतो. अट एकच, औषध लावायचं नाही. हे पुटपुटले, "खामगावले ढोराच्या दवाखान्यात..." मामाजी लेकावर खेकसले, "काऊन? बुवा मेला का?" झालं, दवाखाना राहिला.
हरण्याने वैरणीला तोंड लावलं नाही. सूज डोळ्यापर्यंत आली.

दुपारी
सगळे निंदणाला गेले. आत्याबाई आडव्या झाल्या. कुंपणावरचा सीताफळाचा पाला ओरबाडला, दगडावर ठेचला, रस जखमेत पिळला. आईने शेळीला असंच केलं होतं. अळ्या वर आल्या तशा वेणीतल्या आकड्याने ओढल्या. बिचारा थरथरत होता, पण शिंग हलवलं नाही. उद्या परत.

व. ५
न्हाले. जखम कोरडी. हरण्या कडबा खातो आहे. बुवाला नारळ, धोतर, अंगणात वाहवा! मी भाकरी थापत ऐकते आहे. बाहेर बसलेली बाई पोळ्याच्या बैलाला शिवली, हे सांगितलं तर माहेरीच रवानगी. मरू दे. बैल वाचला ना?

पोळा
तोरणाखाली डफडं वाजलं, हरण्या बिचकला, खूर मामाजींच्या पायावर. अंगठा फुटला. "देवाचाच पाय हाय," म्हणून हसले. हळद भरली.

भाद्रपद शु. ९
मामाजी पायाचं फडकं कुणाला सोडू देत नाहीत. माश्या घोंगावतात. तोच वास. माझं कामात लक्ष नाही, दूध उतू गेलं.

शु. १०
फडकं सुटलं. वळवळ! अंगात तापही आहे.
हे म्हणाले, "बाबा, नागपूरचा नवा डाक्तर आला खामगावले. दमनी जुंपतो."
"अबे, हरण्या बिनऔषधाचा बरा झाला ना? मी काय बैलापेक्षा कच्चा हाव? उद्या बुवाले निरोप धाडू."
मी तोंड शिवून बसले म्हणून हा माणूस पाय गमावणार.
ह्यांना न्हाणीपाशी गाठून सगळं सांगितलं. माझ्या हातांकडे बघत राहिले. "बाबाले सांगू नको. घरात ठेवणार नाहीत तुले." बस, एवढंच सुचलं ह्यांना!

शु. ११
सकाळीच ओसरीवर गेले. सुनेने तिथे उभं राहायचं नसतं.
"मामाजी, हरण्याचे किडे बुवाने नाही झाडले. मी काढले. बाहेर बसले होते तेव्हा. औषध लावून."
आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मी वेणीतला आकडा काढून मामाजींपुढे ठेवला.
ह्यांनी न विचारता दमनी गाडी काढली, हरण्यालाच जुंपलं. मी पाला ठेचून ठेवला आहे. माझं गाठोडंही बांधून ठेवलं आहे. ऊन अंगणात आलं, मामाजी अजून ओसरीवरून उठले नाहीत. पण बुवाकडे माणूसही धाडलेला नाही.