दोन दिवसांसाठी रेडिओ

लिमरिक,
१९ मे

प्रिय आई,

तू बरी असशील, बाबांचा गुडघा कुरकुरत असेल आणि एलोईसामावशी अजून समोरच्या खिडकीतून आपल्या दोरीवरचे कपडे मोजत असेल, असं धरून चालते. मी बरी आहे. जेवते, झोपते, मे महिन्यातही स्वेटर घालते. पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि मावशी मध्येच "काय म्हणाली, काय म्हणाली" करते, म्हणून हे कागदावर.

तू विचारलंस, सहल कशी झाली, फोटो का पाठवले नाहीत, आणि तू पाठवलेला हॅम त्या भल्या माणसांना आवडला का. आधी हॅमचं सांगते. ग्रोन्याने तो तव्यावर परतला. परतला, आई, कापून तसाच खायचा तो. वरून टोमॅटो सॉस ओतला आणि म्हणाली, "किती छान!" या बाईला सगळंच छान वाटतं. पाऊस छान, बटाटे छान, शेजारच्याचं ऑपरेशन झालं तेही छान. नवरा फिंटन तिच्यापेक्षा बरा, कारण तो निदान जेवताना बोलत नाही. त्यांच्या बोळात आजवर राहून गेलेल्या परदेशी मुलींचे फोटो लावलेत, शिकारी लोक हरणांची मुंडकी लावतात तसे. माझ्यासाठी खिळा ठोकून ठेवला होता.

आता सहल. एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी निघालो. फिंटन, ग्रोन्या, मी आणि फिंटनचे वडील मॅलकीआजोबा. वय त्र्याऐंशी. शॅनन नदीवरच्या फेरीबोटीत आयुष्यभर इंजिनं सांभाळली. मी ज्या घरात राहत होते ते घर त्यांचं, आणि ज्या गाडीतून निघालो ती गाडीही त्यांचीच, पण त्यांना मागे माझ्या शेजारी बसवलं होतं. हिवाळ्यात दोनदा पडले, डावा हात नीट वर जात नाही, म्हणून फिंटनने गाडीची चावी काढून घेतली होती. तेवढं त्याचं बरोबर होतं. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

सामान चढवताना आजोबांनी आपली बॅग पाहिली. ती बॅग नव्हती, ट्रंक होती.

"ग्रोन्या, दोन दिवसांना एवढं काय भरलंस?"

"हवा बदलते ना बाबा, समुद्रावर."

"आणि हा रेडिओ?"

"तुम्हाला आवडतो ना तुमचा रेडिओ!"

"मला गायही आवडते," आजोबा म्हणाले, "ती घेतलीस का?"

कुणी हसलं नाही. मी हसले, आणि आरशातून फिंटनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये ढेकर दिली.

इथल्या लोकांची समुद्राची सहल कशी असते ते तुला सांगते. समुद्रासमोर गाडी उभी करायची, काचा बंद ठेवायच्या आणि आत बसून सँडविच खायचं. ब्रेडमध्ये बटाट्याच्या काचऱ्या, बस. काचांवर वाफ धरते आणि समुद्र दिसेनासा होतो. मग म्हणायचं, "किती छान!" किलकीला हे झालं. पुढे स्पॅनिश पॉइंट नावाचं गाव आहे. फिंटनने महिनाभर त्याची तयारी केली होती. "स्पॅनिश मुलीला स्पॅनिश पॉइंटला नेतोय!" हे तो पेट्रोल पंपावर म्हणाला, दुकानात म्हणाला, रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला काच खाली करून म्हणाला. तिथे जुन्या काळी आपल्याकडची जहाजं फुटली आणि माणसं बुडाली, किनाऱ्यावर लागली त्यांना फासावर दिलं, म्हणून ते नाव. मला तिथे उभं करून त्याने दोन्ही अंगठे वर करायला लावून फोटो काढला. तो फोटो मी तुला पाठवणार नाही.

पुढे समुद्रावरचे मोहरचे उंच कडे. धुकं. काही म्हणजे काही दिसलं नाही. फिंटनने धुक्याचे फोटो काढले.

रात्री लहिंचला मुक्काम केला. रविवारी सकाळी आजोबा दाढी करत होते तेव्हा ग्रोन्या नाश्त्याच्या टेबलावर माझ्याजवळ सरकून बसली. माझा हात हातात घेतला. तिचे हात कायम ओले असतात.

"रोसीओ, तू बाबांची लाडकी आहेस ना? आज पुढे एका ठिकाणी जायचंय. सुंदर जागा, बाग, समुद्र, सगळं. आम्ही आत जरा कागदपत्रांचं बघू, तू त्यांना बागेत फिरव. चहा येईल, केक येईल. ते रमले की तू हळूच उठून गाडीकडे ये."

"आणि ते?"

"ते तिथे छान राहतील. सांगत बसलं की उगाच त्रास होतो गं त्यांना. हेच जास्त प्रेमाचं आहे."

फिंटन उकडलेल्या अंड्याचं टोक कापत होता. मान वर केली नाही.

मी काही बोलले नाही. माझं इंग्रजी कच्चं आहे अशी त्यांची समजूत होती, आणि गप्प माणूस म्हणजे तयार माणूस, हीही. ग्रोन्याने माझा हात थोपटला आणि म्हणाली, "गुणाची आहेस."

त्या जागेचं नाव लिहीत नाही. दारात एक गुलाबी बाई उभी होती, छातीवर नावाची पट्टी. "आले का आमचे मॅलकीराजे! केक आवडतो का राजांना?" आजोबा आयुष्यात कधी कुणाचे राजे नव्हते. त्यांनी तिच्याकडे, बंद पडलेल्या इंजिनाकडे पाहावं तसं पाहिलं. फिंटन आणि ग्रोन्या आत ऑफिसात गेले. ट्रंक गाडीतच होती. आम्ही बागेतल्या बाकावर बसलो. समोर समुद्र होता, खरंच होता. चहा आला. आजोबांनी कपाला हात लावला नाही.

"पोरी, मनातलं लपवायला तुझ्याइतकं कच्चं माणूस मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "एक सांग. संध्याकाळी मी त्या गाडीत आहे का?"

आई, मला फार वेळ लागला नाही. तुला वाटेल मी विचार केला असेल. नाही केला.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी नुसती मान हलवली. मग विचारलं, "चावी?"

"गाडीतच आहे. फिंटन म्हणाला, इथे कोण चोरतंय."

"मी," आजोबा म्हणाले आणि उठले.

मी त्यांना अडवायला हवं होतं असं ग्रोन्या म्हणते. मी त्यांच्यासाठी दार उघडलं आणि शेजारी बसले. गुलाबी बाईने खिडकीतून आम्हाला हात केला. मीही केला.

आता खरं लिहायचं तर मी भीतीने अर्धी झाले होते. ते रस्ते आपल्या गल्लीएवढे, दोन्ही बाजूंना दगडी गडगे. आजोबांचा डावा हात मांडीवर, उजव्याने चाक. गिअर मी बदलत होते, ते "आता!" म्हणतील तेव्हा. पहिल्याच वळणावर गडग्याला घासलो आणि माझ्या बाजूचा आरसा गेला.

"त्याची गरज नाही," ते म्हणाले. "मागे काय आहे ते मला माहीत आहे."

एका ट्रॅक्टरवाल्याने आईवरून शिवी दिली. आजोबांनी त्याच्या तीन पिढ्या काढल्या. त्या त्यांना नावानिशी ठाऊक होत्या. लहिंचला थांबून त्यांनी मला तळलेला मासा खायला घातला, किनाऱ्यावर, उघड्या हवेत, केस तोंडात जात होते, मीठ सगळीकडे. तिथे ते एकदाच म्हणाले, "बायको गेली तेव्हा फिंटनला सांगितलं होतं, घर तुझंच आहे, ये राहायला. एवढ्या घाईने घेईल असं वाटलं नव्हतं." त्यानंतर तो विषय नाही.

एनिसच्या अलीकडे पोलिसांनी थांबवलं. फिंटनने गाडी चोरीला गेल्याचं कळवलं होतं. पोलीसबाई खिडकीशी वाकली.

"गाडी कुणाची आहे, आजोबा?"

"माझी."

"आणि लायसन्स?"

"ते मुलाकडे आहे. त्याला विचार, आणखी काय काय घेतलंय."

ती हसली नाही, पण रागावलीही नाही. आम्हाला मागे बसवलं आणि आमचीच गाडी चालवत लिमरिकला घरी सोडलं. वाटेत तिने आजोबांना सांगितलं की तुम्ही आज कुणाचा तरी जीव घेतला असतात. ते म्हणाले, "हो बाई, खरं आहे."

फिंटन आणि ग्रोन्या तासाभराने टॅक्सीने आले. आजोबा कोट न काढता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. फिंटनचं तोंड बीटासारखं झालं होतं.

"बाबा, मेला असतात तुम्ही! हिलाही मारलं असतंत!"

"असतं. म्हणून पुन्हा चालवणार नाही. घे." त्यांनी चावी टेबलावर टाकली. "पण हे तू मला इथे विचारायचं होतंस. या टेबलावर."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो. तू ओरडला असतास. मी परत नाही म्हणालो असतो. आणि मग एक दिवस गेलो असतो, फिंटन. माझी बॅग मी भरून."

फिंटन खुर्चीवर बसला. पहिल्यांदाच मला तो माणसासारखा दिसला, पण फार वेळ नाही, कारण ग्रोन्या रडत माझ्याकडे वळली. "हिला आम्ही घरच्यासारखं ठेवलं, आणि हिने..."

"हो ना," मी म्हणाले. "आजोबांनाही घरच्यासारखंच ठेवत होतात."

कच्चं इंग्रजी, आई. पण पोचलं.

तर मी आता त्या घरात नाही. मला त्यांच्याकडे ठेवणाऱ्या संस्थेला त्यांनी लेखी कळवलं की मुलगी घरच्या वातावरणाशी जुळवून घेत नाही. टूही नावाच्या बाईंकडे मला खोली मिळाली आहे. बाई दिवसभर टीव्हीवर ओरडतात, हॅम मात्र परतत नाहीत. मॅलकीआजोबांकडे दर गुरुवारी जाते. ते आता स्वतःच अशा जागा बघत फिरतात, फिंटन मुकाट्याने गाडी चालवतो. प्रत्येक ठिकाणी ते मॅनेजरचा अपमान करून बाहेर येतात. गेल्या आठवड्यात एका जागेबद्दल म्हणाले, "चहा गरम होता. कुणी राजे म्हणालं नाही." बहुतेक तिथेच जातील.

एवढं सगळं तुला का लिहिलं, ते तुला कळलं असेल. नसेल कळलं तर तू एलोईसामावशीला वाचून दाखवत असशील. थांब इथे. पुढचं एकटी वाच.

नाताळात मी घरी आले तेव्हा आजीच्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं. तू म्हणालीस, डोळ्यांवर इलाज चालू आहेत, झामोराला, महिनाभर लागेल. जानेवारीत विचारलं, इलाज. मार्चमध्ये विचारलं, इलाज. कसला इलाज असतो आई, ज्यासाठी माणसाचा पलंग विकावा लागतो? मला सगळं दिसत होतं. मीसुद्धा गप्प बसले, कारण आपल्या घरी गप्प बसण्यालाच माया म्हणतात. फिंटनवर मी एवढी पानं खर्च केली, त्याला दोष देताना फार सोपं गेलं. तो परका आहे.

तू दमली होतीस, मला माहीत आहे. आजीला उचलून तुझी पाठ गेली होती. तू तिला झामोराच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलंस म्हणून मी हे लिहीत नाही. तू तिला गाडीत बसवताना काय सांगितलंस, त्याबद्दल लिहितेय.

काल दुपारी मी तिला फोन केला आणि सांगितलं, आजी, डोळ्यांचं काही नव्हतं. म्हटलं, ती रडेल. ती म्हणाली, "अगं, मला गाडीतच कळलं होतं. तुझी आई झामोरापर्यंत एकदाही माझ्याकडे बघू शकली नाही. मी म्हटलं, विचारलं तर बिचारीला खरं सांगावं लागेल. म्हणून मीच म्हणत राहिले, हो, हल्ली अंधुक दिसतं."

सहा महिने तिथल्या नर्सबाई तिच्या डोळ्यांत औषध घालतायत, आई. ती घालून घेते, तुझ्यासाठी.

जूनमध्ये मी येईन ती थेट झामोराला. तुला यायचं असेल तर ये. नसेल यायचं तर निदान रविवारी तिला फोन कर, आणि डोळे कसे आहेत, एवढं मात्र विचारू नकोस.

तुझीच,
रोसीओ