शेठला आराम पडतोय

१५ नोव्हेंबर, शनिवार
थोरल्या भावाला, अण्णाला, बेळगावच्या हॉस्पिटलात अॅडमिट करून वडगावला परत आलो. बायपास ठरली. डॉक्टर गुरुवारीच करणार होते, पण गुरुवारी अमावस्या. आई आडवी आली. अमावस्येला आम्ही माग चालवत न्हाय आणि तुम्ही माझ्या लेकाच्या काळजावर सुरी चालवणार व्हय, असं तिनं डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर हसले, पण तारीख बदलली. शुक्रवार.

अण्णानं शेडमधल्या साडीच्या मागांची जबाबदारी भाग्यलक्ष्मीला दिली. म्हणजे माझ्या बायकोला. बी.कॉम. मी आहे, हे त्याच्या लक्षात राहिलं नसावं. आजारी माणूस. मला म्हणाला, किशन, तू फकस्त शेठला बघ.

शेठ म्हणजे अण्णाचा मासा. वीतभर लांब, केशरी, कपाळावर टेंगूळ. सकाळी माग सुरू झाले की जमीन हादरते आणि शेठ नाकानं काचेवर टकटक करतो. मग अण्णा चहा घेतो. आठ वर्षं असंच चाललंय.

संकल्प: शेठला अण्णापेक्षा चांगलं ठेवायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार
शेठच्या अंगावर पांढरे ठिपके. मीठ भुरभुरल्यासारखे. भाग्यलक्ष्मी म्हणाली, मासा आजारी हाय. मी शांतपणे समजावलं की हे मागावरून उडणारे सुताचे तंतू आहेत. आमच्या घरात ते आमटीतसुद्धा सापडतात, मग माशानंच काय घोडं मारलंय? टाकी जुन्या साडीनं झाकली. विषय संपला.

संध्याकाळी आई टाकीसमोर बसलेली. तिचं म्हणणं, घरच्या कर्त्याचं दुखणं मासा आपल्या अंगावर घेतो. मी म्हटलं, मग चांगलंच की. ती म्हणाली, आणि त्येला पेललं न्हाय तर?

मी टीव्ही लावला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ठिपके वाढले. शेठ दगडाला अंग घासतोय. सकाळी टकटक केली, पण एकदाच.

यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले. आता या विषयात मला कुणी शिकवू नये. तरी माशांच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार भावकू म्हणाला, थंडी सुरू झाली, हीटर लावा आणि हे निळं औषध घाला. बाटलीतला थेंब बोटावर घेतला आणि हसूच आलं. हा तर रंग! तीन पिढ्या सूत रंगवणाऱ्या घरातला मी, आणि दुकानातून रंग विकत नेऊ? विचार करून सांगतो म्हणालो. गडबडीत हीटर राहिला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
शेडमधून निळ्याचा डबा आणला. साड्यांच्या काठाला वापरतो तो. आधी सुताची लडी बुडवून, धुऊन पाहिली. रंग तसूभर हलला नाही. कच्च्या रंगाचं औषध मी शेठला देणार नाही. भाग्यलक्ष्मी म्हणाली, अहो, त्यो साडीचा रंग हाय, माशाचा न्हवं. शिकलेल्या माणसाला घरात किंमत नसते.

डोस: दोन चमचे. पाणी व्हिडिओतल्याएवढं निळं दिसेना, म्हणून आणखी दोन.

दुपारी: पाणी सुरेख. शेठ दिसत नाही. म्हणजे ठिपकेही दिसत नाहीत. मोठा फरक.

१९ नोव्हेंबर, बुधवार
माग सुरू झाले. चहा घेऊन काचेजवळ उभा राहिलो. चहा निवला. टकटक नाही.

औषधानं गुंगी येते. आराम महत्त्वाचा. टाकीत हात घालून बघावं असं एकदा वाटलं, पण पेशंटला सारखं हलवू नये. अण्णाला मेसेज केला: शेठला आराम पडतोय.

आई आज टाकीकडे पाठ करून बसली होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार, अमावस्या
माग बंद. घर इतकं गप्प की टाकीतले बुडबुडे ऐकू येतात. जमीनच हादरत नाही, तर शेठनं टकटक करायचा प्रश्न येतो कुठे? आज बिनघोर.

दुपारी अण्णाचा व्हिडिओ कॉल. उद्या सकाळी त्याला आत नेणार. शेठला दाखव म्हणाला. टाकी दाखवली. पाणी निळं का रं? औषध. टकटक करतोय? मी म्हटलं, आज अमावस्या, माग बंद आहेत. अण्णा बराच वेळ टाकीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, व्हय रं, खरंच की. तू जेवलास न्हवं?

फोन ठेवल्यावर भीती वाटली. कशाची ते लिहीत नाही.

संकल्प: ऑपरेशन होईपर्यंत टाकीत बघायचं नाही. बघितलं नाही तोवर काही झालेलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
माग सुरू व्हायच्या आत घरातून निघालो. हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिलो. काचेचं दार होतं. त्याच्यापलीकडे काही हलत नव्हतं. दुपारी डॉक्टर बाहेर आले, नीट झालं म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं. एसी फार होता.

घरी येऊन टाकी उपसली. शेठ तळाला, दगडाआड. टेंगळापासून शेपटीपर्यंत निळा. नळाखाली धरून धुतला, पुन्हा धुतला. आमचा रंग पक्का. परसात केळीखाली पुरला. आईला सांगितलं नाही. ती फक्त हात धू म्हणाली.

२३ नोव्हेंबर, रविवार
भावकूकडून तसाच केशरी मासा आणला. टेंगूळ जरा लहान, पण वाढेल. हीटरही आणला. अण्णाला कळणं शक्य नाही. त्याचा चष्म्याचा नंबर मोठा आहे.

१ डिसेंबर, सोमवार
अण्णा घरी आला. खुर्ची टाकीसमोर लावून घेतली. निरखून बघून म्हणाला, शेठ जरा वाळलाय. मी म्हटलं, आजारपण. तो म्हणाला, तू लई केलंस रं त्येचं.

प्लॅन शंभर टक्के यशस्वी. मासेपालनावर यूट्यूब चॅनल काढायचा विचार पक्का होतोय.

२ डिसेंबर, मंगळवार
सकाळी माग सुरू झाले. नवा मासा कोपऱ्यातून हललाच नाही. अण्णानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच बोटानं काचेवर टकटक केली. म्हणाला, वाजवलं बघ शेठनं. चहा आणा.

शेडमध्ये जाऊन भाग्यलक्ष्मीला म्हटलं, अण्णाला काहीच कळलं नाही. तिनं माग थांबवला. म्हणाली, अमावस्येला तुमचा फोन झाल्यावर भावजींनी मला फोन केलता. शेठ गेला म्हणाले. किशनला कायबी बोलू नगंस, त्याच्या जिवाला लागंल. दुसरा आणंल त्यो, आणू दे.

अमावस्येला. म्हणजे ऑपरेशनला आत जाताना अण्णाला ठाऊक होतं. मासा कर्त्याचं दुखणं अंगावर घेतो, हे आईचं म्हणणंही त्याला ठाऊक होतं. आणि तो मला जेवलास का विचारत होता.

नखं अजून निळी आहेत. आज संकल्प नाही. अण्णा चहाला हाक मारतोय.