लाईट गेली की फोन यायचा

हिंगोली,
नोव्हेंबर २००९

प्रिय प्रेमानंद,

सप्रेम जय भीम. कागदावरचं पत्र बघून दचकला असशील. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधेमधे बोलतोस आणि मला आज मधे बोललेलं चालणार न्हाई. आणखी एक. कळमनुरीच्या शाळेत आपण एका वर्गात होतो तेव्हा तुला मी अरे-तुरे करायची. तू माझ्या धाकट्या बहिणीचा, अंजलीचा नवरा झालास आणि आईनं मला दम भरला, जावई हाय आता, अहो-जाहो कर. केलं. ताट-पाट-रांगोळी, सगळा मान दिला. आज परत अरे-तुरे करून राहिले, काहून ते पुढं कळेलच.

अंजलीची जागा आठवते का रे तुला? नांदेडची, डॉक्टरकीची, सरकारी कॉलेजातली. आमच्या अख्ख्या खानदानात पहिली. यादीत नाव आलं तेव्हा बाबांनी कळमनुरीच्या बाजारात दिसेल त्याला पेढा दिला, शेळ्या विकायला आलेल्या अनोळखी म्हाताऱ्यालासुद्धा. मग प्रवेश घ्यायला गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, पोरीनं स्वतःच जागा सोडलीय, कॉम्प्युटरवरून, तिच्याच पासवर्डनं. जागा पुढच्या नंबराला गेली पण. अंजली रडून रडून सांगत होती, म्या न्हाई सोडली हो बाबा. कोण ऐकतंय! बाबा म्हणाले, पासवर्ड तुझा, बटन तुझं, मग काय भूत आलं होतं का? तेव्हापासून बाबा तिच्याशी धड बोलले न्हाईत. शेवटच्या आजारपणात ती उशाशी बसलेली असायची आणि बाबा पाणी माझ्याकडं मागायचे. आमचे बाबा, अमृतराव, लेकींवर जीव टाकणारा माणूस, तो असा गेला.

अशा वक्ताला तू आलास. लोक पोरीला नावं ठेवून राहिले होते, कुणी म्हणे डोकं फिरलं, कुणी म्हणे कुणातरी पोरापायी जागा सोडली. तू म्हणालास, काहीही असो, मी करतो लग्न, हुंडा नको, मानपान नको. गावभर तुझी वाहवा. शेजारची भिकाबाई म्हणाली, असा जावई दिवा घेऊन हुडकला तरी गावायचा न्हाई. मग तू तुझा कळमनुरीचा इंटरनेट कॅफे बंद केलास, अंजलीला घेऊन डोंगरकडा गावी गेलास आणि माडीवर कॉम्प्युटर मांडून बसलास. काय करतोस विचारलं की म्हणायचास, बाहेरदेशाचं काम हाय, तुमाला न्हाई समजायचं.

माझ्या पुण्यातल्या कामाला मात्र तू हसायचास. कॉम्प्युटरचे चोर पकडते म्हणे, चोर पकडायचे तर पोलिसात जायचं होतं! बाबांच्या पुण्यानुमोदनालाही दहा माणसांत हे बोललास. तर ऐक माझं काम. ज्या वेबसाइटला कुलूप असतं तिचं बोलणं सांकेतिक असतं, मधल्या माणसाला वाचता येत न्हाई. पण ते कुलूप जसं बँकेला मिळतं तसं चोरालाही मिळतं आणि लोक कुलूप बघून निर्धास्त होतात. आम्ही ते कुलूप तोडत न्हाई. बाहेर बसून ध्यान देतो. बोलणं केव्हा झालं, किती लांबलं, आधी कोण बोललं, मग किती वेळ गप्प. शेजारच्या खोलीत नवरा-बायकोचं भांडण लागलं तर शब्द कळत न्हाईत, पण कोण भडकलं आणि भांडं कुणी आपटलं ते कळतंच की. तसं.

यंदा आमच्याकडे एका शिकवणीवाल्यांची तक्रार आली. त्यांच्या पोरांच्या प्रवेशाच्या जागा आपोआप सुटून राहिल्या होत्या. हुडकलं तेव्हा प्रवेशाचं एक नकली पान सापडलं. हुबेहूब, कुलूपबंद, कुठल्या तरी परक्या देशातल्या भाड्याच्या मशीनवर ठेवलेलं. पोरं तिथं पासवर्ड टाकायची, कुणीतरी लांबून ते उचलून न्यायचं, त्यानं जागा सोडायचं आणि यादीतल्या पुढच्याकडून पैसे घ्यायचं. उचलणारा कोण, कुठला, काही पत्ता न्हाई, जगभर फिरवून आणलेली वाट. पण त्याच्या उचलायच्या वेळा मी पडद्यावर मांडल्या. एक आठवडा सकाळभर गप्प, पुढचा आठवडा दुपारभर गप्प. माझे साहेब म्हणाले, बडा शातिर आहे, मुद्दाम वेळा बदलतो. साहेब पुण्याचे, त्यांना काय कळणार.

खरं सांगू, मलाही कळलं न्हाई. कळवलं अंजलीनं, तिला स्वतःला ठाऊक नसताना. लग्न झाल्यापासून ती मला फोन करते तो लाईट गेल्यावरच. लाईट असली की तू माडीवर, आणि तुझे कान खाली तिच्याकडं. लाईट गेली की तू पारावर गप्पा हाणायला, मग ती मोकळी. एका दुपारी माझ्यासमोरच्या पडद्यावरची रेघ आडवी पडली, म्हणजे तो उचलणारा गप्प झाला, आणि माझा मोबाईल वाजला. अंजली म्हणाली, लाईट गेली ताई, बोल आता. दुसऱ्या दिवशी परत तेच. रेघ आडवी, फोन. रेघ उठली की तिकडून घाईनं, ठेवते बाई, आली लाईट. डोंगरकड्याचं भारनियमन माझ्या पडद्यावर दिसून राहिलं होतं! अरे येड्या, इन्व्हर्टर घ्या म्हणून ती किती मागं लागली होती. तू म्हणालास, बायकांच्या सिरियलीपायी एवढा खर्च काहून करू? आता भोग. साऱ्या जगात वाट फिरवणारा तू, एका बॅटरीपायी गेलास.

पण लाईट साऱ्या गावाची जाते. ह्याच घरावर बोट काहून, असं कुणीही विचारलं असतं. मग मागच्या महिन्यात तुझ्या एकट्याच्या घरची लाईट जायला लागली, आठवतं? शेजारी रूपाबाईचा टीव्ही चालू आणि तुझ्या माडीवर अंधार. तू वायरमन गोपीचंदला काय काय शिव्या हासडल्यास. बिचारा खांबावर चढला, उतरला, तार बराबर हाय म्हणाला, तरी त्याचा बाप काढलास. आणि दरवेळी तिकडं पुण्यात, साहेबांसमोर, पोलिसांच्या माणसासमोर, रेघ आडवी. गोपीचंदची माफी तेवढी माग, त्याचा काही दोष न्हाई.

त्याच्या आधी अंजली आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला आली होती. तेव्हा मी तिला ते नकली पान दाखवलं. तुझं नाव घेतलं न्हाई, नुसतं पान दाखवलं. तिनं ते पान खालपर्यंत सरकवलं. मग म्हणाली, ह्यात पासवर्ड टाकला की पान पांढरं पडतं आणि परत पासवर्ड मागतं, व्हय ना? पहिल्यांदा टाकलेला चोर नेतो आणि दुसऱ्यांदा खरं पान उघडतं, ही त्या पानाची खोड. ती म्हणाली, ह्यांच्या कॅफेत प्रवेशाचा फॉर्म भरताना असंच झालं होतं. ह्यांनीच सांगितलं, नेट स्लो हाय, परत टाक. कुलूप कधी घेतलं त्याची नोंद राहते, मग मी त्या पानाच्या जुन्या कुलपांच्या तारखा काढल्या. सगळ्यात पहिलं कुलूप अंजलीच्या प्रवेशाच्या उन्हाळ्यातलं. म्हणजे धंदा नंतरचा, पहिली माझी बहीण. ती नांदेडला गेली असती, डॉक्टर झाली असती, तर तुझ्यासारख्याकडे तिनं ढुंकूनही बघितलं नसतं. म्हणून तू तिचे पंखच छाटलेस, आणि वर उपकार केल्यासारखा मांडवात उभा राहिलास! हलकटा, माझ्या बापानं तुला हात जोडले होते.

मला वाटलं अंजली कोसळेल. ती रडलीसुद्धा न्हाई. तिनं विचारलं, बाबांनी माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई ते ह्याच्यापायी का? मी व्हय म्हणाले. ती उठली, तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तुझ्याकडं परत निघाली. मी अडवलं तर म्हणाली, ताई, तुला पुरावा पाहिजे ना, तो घरात बसूनच गोळा होतो.

पोलीस येणारच आहेत, सगळं तेच सांगतील, मग हे पत्र कशाला? तर मी तुला ओळखते म्हणून. तू गावभर सांगत सुटशील की पुण्याच्या मोठ्या मशीनींनी मला पकडलं, त्यांच्यापुढं कुणाचं काय चालतं. एवढीही शान तुला मिळू द्यायची न्हाई. तुझ्या घरचा फ्यूज अंजली काढायची. मी फोनची एक रिंग द्यायची आणि ती फ्यूज काढून पदराला बांधायची. तू अंगणात गोपीचंदचा बाप काढत होतास तेव्हा ती दारात उभी राहून तुला विचारत होती, चहा टाकू का. आज तिनं इथं हिंगोलीला येऊन जबाब दिला, आणि हे पत्रही तिच्याच हाती देतेय, उद्या सकाळी तुझं घर सोडताना तुझ्या कॉम्प्युटरवर ठेवायला. ती पुढं शिकणार आहे, पैसा मी लावणार आहे. हे लिहिताना ती माझ्याजवळच बसलीय, तिला विचारलं, तुझा काही निरोप? ती म्हणाली, लिही, त्यांना म्हणावं, नेट स्लो न्हाई, मीच गेलेय. तेव्हा चहासाठी हाका मारू नकोस. घरात ओ द्यायला कुणी न्हाई, आणि दार वाजलं तर उघड, ते तुझ्यासाठीच आलेत.

तुझीच, पण फिर्यादीकडून,
करुणा