विस्तव नसलेलं घर

३ सप्टेंबर १९८९, रविवार
आलो बाई एकदाच्या लंडनच्या स्टॅनमोरला! कॉव्हेंट्रीच्या कॅज्युअल्टीत सतरा वर्षं काढली. मनगट कापून घेतलेल्या पोरी यायच्या. टाके घालायचे, इंजेक्शन द्यायचं, नेक्स्ट. का कापलंस गं, हे विचारायला कुणाला वेळ? माझा नवरा अतुल वारल्यावर ठरवलं, आता तेच विचारायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी पोरासोरांच्या शेजारी बसून मानसिक आजारांच्या नर्सिंगचा कोर्स केला, आणि आज दारावर माझी पाटी: सुप्रभा दामले, काउन्सेलिंग. सुमेधा म्हणाली, पाटी वाकडी आहे. वय चौदा, तोरा सासूचा! असू दे म्हटलं, पेशंट पाटी सरळ करायला येणार नाहीत.

पुढची खोली पेशंटची, मागे आम्ही मायलेकी. सेंट्रल हीटिंग, इलेक्ट्रिक कुकर, नवाकोरा गालिचा. घरात धूर नाही की काजळी नाही. मी जाम खूश आहे.

१२ सप्टेंबर
पहिली पेशंट! वैजयंती, हॅरोच्या एका डेंटिस्टची बायको. तिला वाटतं, डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं आहे. वर्ष झालं, बाई पाठ भिंतीला लावूनच बसते. नवऱ्याच्या मते ही सगळी थेरं. मी शिकल्याप्रमाणे ऐकून घेतलं, मधे बोलले नाही. माझ्यासाठी हेच केवढं कठीण!

२६ सप्टेंबर
तीन वेळा येऊन गेली, फरक शून्य. आज हुंदके देऊन रडली. मला काय झालं कोण जाणे, उठले, स्वयंपाकघरातून मूठभर मीठ-मोहऱ्या, दोन लाल मिरच्या आणल्या आणि सरळ तिची दृष्ट काढली. आई काढायची तशी. कोर्सच्या ट्यूटरने पाहिलं असतं तर बाई जागीच आडवी झाली असती. पण वैजयंती रडायची थांबली आणि चक्क खुर्चीला टेकून बसली. खोलीच्या मधोमध!

आता हे विस्तवावर टाकायला हवं. इथे विस्तव आणू कुठून? कुकरच्या रिंगवर टाकलं तर स्मोक अलार्म बोंबलेल. कॉफीच्या रिकाम्या बरणीत भरून कपाटावर ठेवलंय. नंतर बघू.

९ ऑक्टोबर
वैजयंती पेढे घेऊन आली. शनिवारच्या गर्दीत एकटी शॉपिंगला गेली होती म्हणे. तिने तीन मैत्रिणी पाठवल्या. त्यांचीही काढली, त्याही रात्री शांत झोपू लागल्या. बरणी अर्धी भरली, अपॉइंटमेंटची वही मात्र पुरी.

एवढंच, की दुपारी भांडी घासताना वाटलं, सुमेधा मागे येऊन उभी आहे. बडबडतही होते तिच्याशी. ती शाळेत होती.

१७ ऑक्टोबर
डाव्या खांद्यामागे. दिवसभर. जेवायलाही फ्रिजला पाठ लावून बसते. सुमेधाने विचारलं, आई, तुझं काय दुखतंय का. कंबर, म्हटलं.

मी नर्स आहे, लक्षण कुणाचं ते मला कळतं. हे वैजयंतीचं आहे. उतरवलेलं जाळलं नाही, तर ते जाणार कुठे? उतरवणाऱ्याच्याच बोकांडी बसणार. आता बास. यापुढे कुणाची काढायची नाही.

२४ ऑक्टोबर
सीमा नावाची बाई नवऱ्याला घेऊन आली. शशिधर, इंजिनियर, सज्जन माणूस. त्याला वाटतं, ही त्याची बायको नाही. खरी सीमा कुणीतरी पळवली आणि हुबेहूब दुसरी आणून ठेवली. गेल्या आठवड्यात हिच्या गळ्याला सुरी लावून विचारत होता, माझी सीमा कुठे आहे. हॉस्पिटल झालं, गोळ्या झाल्या. सीमाने माझे पाय धरले हो.

खूप विचार केला. उतरवेन ते माझ्यावर येणार, हे कळून चुकलंय. पण माझा नवरा तर केव्हाच देवाघरी गेला. ही भीती माझ्याकडे येऊन करणार काय? संशय घ्यायला नवरा तर हवा!

काढली. शशिधरने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, सीमा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले.

५ नोव्हेंबर, रविवार
गाय फॉक्सचा दिवस, म्हणजे इथल्या लोकांची होळी नि फटाके. संध्याकाळी शेजाऱ्यांनी बागेत होळी पेटवली. अख्खी बरणी आगीत रिकामी केली. मोहरी तडतडली नाही, मिरचीचा ठसका नाही. आई म्हणायची, ठसका लागला नाही तर दृष्ट जबरी होती, पण गेली. खांद्यामागचं खरंच गेलं. सुटले बाई!

सुमेधा शेजारी फुलबाजी धरून उभी होती. तिच्याकडे वळले तर क्षणभर ओळखच पटेना. डोळ्यांत धूर गेला असणार.

८ नोव्हेंबर
सकाळी तिने टोस्टच्या कडा काढून ठेवल्या. केस कानामागे सारले. दप्तर एका खांद्यावर. सगळं रोजच्यासारखं. फारच रोजच्यासारखं. कुणीतरी पाठ करून आल्यासारखं.

१० नोव्हेंबर
कळतंय मला हे काय आहे. शशिधरचं आहे. बरणी जाळून वैजयंतीचं गेलं, हे गेलं नाही. घाबरायचं नाही. डॉक्टरांना फोन केला, मंगळवारी चारची वेळ मिळाली. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं: ही सुमेधाच आहे. ही माझीच मुलगी आहे.

तिने वाचलं. खूप रडली. मी जवळ घ्यायला गेले — हात पुढे होईना.

१३ नोव्हेंबर
फ्रिजवर कागद आहे. मी लावलेला नाही. अक्षर माझ्यासारखं — पण मी कशाला असलं लिहीन? तिनेच लावलाय. हुशार आहे.

उद्याची अपॉइंटमेंट रद्द केली. मला झोपेच्या गोळ्या देऊन निजवलं, की हिला रान मोकळं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
पेशंटना येऊ नका सांगितलं. फोनची वायर काढली.

माझी सुमेधा कुठे असेल — थंडीचे दिवस, अंगात स्वेटर तरी — जेवली असेल का माझं लेकरू —

पावणेचार. बस आली असेल. सुरी कुशनखाली आहे. हात स्थिर आहे, सतरा वर्षं कॅज्युअल्टीत मुरलेला हात. शशिधर बिचारा घाबरट. मी नीट विचारणार. एकदाच विचारणार.

चावी फिरली. आई म्हणून हाक मारतेय — तोच आवाज, देवा, किती तोच — दार लावलं — बूट काढतेय — इकडेच येतेय, विचारतेय आई आज डॉक्टरकडे जायचंय ना, मी येऊ का तुझ्याबरो